हायड्रॉलिक रिलीज बेअरिंग बसवताना गॅप किती ठेवायचा? (टाइप ९ गिअरबॉक्स, झेटेक इंजिन)

गिअरवेडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

दोन सीटच्या हलक्या स्पोर्ट्स कारचं काम चालू आहे. इंजिन फोर्ड झेटेक २.०, लांबीच्या दिशेने बसवलेलं, आणि मागे फोर्ड टाइप ९ गिअरबॉक्स. हा गिअरबॉक्स मूळचा फोर्ड सिएरा गाडीतला. तिथे क्लच केबलवर चालायचा. माझ्या चॅसिसमध्ये पेडल बॉक्स आणि चॅसिसच्या नळ्यांच्या मधून केबल नेली तर तिला इतकं वळण पडतं की पेडल जड होणार, आणि बेअरिंग ढकलणाऱ्या फोर्कच्या टोकाला हलायला जागा उरत नाही. त्यामुळे फोर्क काढून इनपुट शाफ्टभोवती बसणारं हायड्रॉलिक बेअरिंग घ्यायचं ठरवलं. स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने पिस्टन ढकलणारा) आणि बेअरिंग एकातच.

किट आलं आहे. त्यात बेअरिंग, ६ मिमीची स्पेसर रिंग, दोन ब्रेडेड होज (एक तेल आत नेणारा, एक हवा काढायचा) आणि ओ-रिंग्ज. सोबतच्या कागदावर बसवण्याबद्दल 'स्पेसर लावून बसवा' एवढंच लिहिलंय. बसवण्याआधी मी मापं घेतली:

बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं, क्लचभोवतीचं कवच) मागच्या फेसपासून क्लच कव्हरमधल्या डायफ्राम स्प्रिंगच्या फिंगर्सपर्यंत (याच पात्यांना दाबून बेअरिंग क्लच सोडवतं) ६१.८ मिमी.
गिअरबॉक्सच्या पुढच्या फेसपासून बेअरिंगच्या तोंडापर्यंत, स्पेसर लावून, पिस्टन पूर्ण आत दाबून, ६१.२ मिमी.

म्हणजे गॅप ०.६ मिमी. मला हा फारच कमी वाटतोय. कोणी हे काम केलं असेल तर सांगा, किती हवा?

---

पाना_१३

०.६ कमीच आहे, पण फार वाढवूही नका. केबलच्या क्लचला आपण फिंगरपाशी एक-दीड मिमी फ्री प्ले ठेवतो, तेवढा पुरे. जास्त ठेवला तर पेडलचा अर्धा प्रवास गॅप भरण्यातच जाईल आणि क्लच सुटणार नाही.

---

बेलहाउसिंग

पाना_१३, केबलच्या हिशेबाने तुमचं बरोबर आहे. पण हायड्रॉलिक बेअरिंगला तो हिशेब लागू होत नाही, आणि नेमक्या इथेच बरेच गिअरबॉक्स पुन्हा खाली उतरवावे लागतात. जरा सविस्तर लिहितो.

केबलचा गॅप हा पेडलचा फ्री प्ले असतो, दर वेळी पेडल दाबताना तो आधी भरावा लागतो. हायड्रॉलिक बेअरिंगमध्ये हवा काढून झाली आणि पेडल काही वेळा दाबलं की पिस्टन पुढे येऊन फिंगर्सना टेकतो. पेडल सोडल्यावर फिंगर्स त्याला जेवढं मागे ढकलतील तेवढाच तो मागे जातो आणि तिथेच हलका टेकून राहतो. काही बेअरिंगमध्ये तर त्याला टेकवून ठेवायला स्प्रिंगच दिलेली असते. म्हणजे आज तुम्ही व्हर्निअरने मोजलेला गॅप गाडी चालू झाल्यावर दिसणारच नाही. पेडलला त्याचा पत्ताही लागणार नाही.

मग गॅप कशासाठी? क्लच प्लेटच्या झिजेसाठी. प्लेट झिजली की तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट इंजिनच्या फ्लायव्हीलच्या दिशेने सरकते, आणि डायफ्राम कव्हरमधल्या रिंगवर टेकलेला असल्याने फिंगर्सची टोकं उलट दिशेला, गिअरबॉक्सकडे येतात. तेही साधंसुधं नाही. डायफ्रामचं लिव्हर गुणोत्तर साधारण ३.५ ते ४ धरा. प्लेट १ मिमी झिजली तर फिंगर्स ३.५ ते ४ मिमी मागे येणार. त्यांच्यासोबत पिस्टनलाही मागे जायला जागा हवी. जागा संपली, पिस्टन तळाला टेकला, की फिंगर्स बेअरिंगवर रेलतात आणि क्लच कायमचा थोडा दाबलेला राहतो. मग स्लिप, वास, जळालेली प्लेट. ०.६ मिमी गॅपवर हे प्लेट जेमतेम ०.१५ मिमी झिजल्यावरच होईल. नवी प्लेट बसायलाच एवढी झीज लागते.

तेव्हा धागाकर्ते, तुम्ही बसवण्याआधी मोजलंत ते फार चांगलं केलंत. स्पेसर आहे तशी लावू नका.

---

गिअरवेडा

मनापासून आभार, चित्र स्पष्ट झालं. मग स्पेसर काढूनच टाकू का? तसं केलं तर गॅप ६.६ मिमी होतो, म्हणजे दीड मिमीहून जास्त झिजेची सोय.

---

बेलहाउसिंग

थांबा, दुसरी बाजूही बघा. बेअरिंगचा एकूण स्ट्रोक किती आहे? आणि तुमच्या क्लचला सुटायला फिंगरपाशी किती प्रवास लागतो?

---

गिअरवेडा

बेअरिंगच्या कागदावर १४ मिमी स्ट्रोक दिलाय. क्लच कव्हरवाल्याने ७.५ मिमी रिलीज ट्रॅव्हल सांगितलाय, ९ च्या पुढे नेऊ नका असंही लिहिलंय.

---

बेलहाउसिंग

मग उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. नव्या प्लेटवर पिस्टनला आधी गॅप ओलांडायचा, मग क्लच सोडवायचा. ६.६ अधिक ७.५ म्हणजे १४.१. स्ट्रोक १४. म्हणजे पेडल पूर्ण दाबल्यावर पिस्टन सीलसकट बाहेर निघायच्या काठावर, आणि सील निसटला की सगळं तेल बेल हाउसिंगमध्ये, क्लच प्लेटवर. काही बेअरिंगना पिस्टन अडवणारी सर्क्लिप असते, काहींना नसते.

या दोन टोकांच्या मध्ये राहायचं. मी असतो तर ४ मिमी गॅप धरला असता. ४ अधिक ७.५ म्हणजे ११.५, हाताशी २.५ मिमी शिल्लक. झिजेची सोय साधारण १ मिमी. स्पेसर लेथवर ६ वरून २.६ मिमीपर्यंत उतरवा, दोन्ही फेस समांतर ठेवून. बहुतेक बेअरिंगवाले साधारण ३ ते ५ मिमीच्या पट्ट्यातलाच आकडा सांगतात. तुमच्या बेअरिंगच्या कागदावर वेगळा असेल तर तोच धरा.

---

शिमवाला

बेलहाउसिंग यांच्या प्रत्येक शब्दाला +१. फक्त मापाबद्दल विचारतो, कारण स्पेसर एकदा उतरवली की परत जाड होत नाही. धागाकर्ते, ६१.८ कसं घेतलंत?

क्लच कव्हर फ्लायव्हीलला पूर्ण टॉर्कने आवळलेलं होतं ना, आत नवी प्लेट ठेवून? नुसतं हाताने टेकवलेलं असेल तर माप निरुपयोगी आहे. बोल्ट समोरासमोरचे आलटून पालटून आवळत गेलं की फिंगर्सची जागा कित्येक मिमी बदलते. आणि बेल हाउसिंग इंजिनला लावताना मधली पातळ पत्र्याची प्लेट असेल तर तीही त्याच वेळी लावलेली हवी. गिअरबॉक्सच्या फेसवर गॅस्केट लागणार असेल तर तिची जाडी धरा.

माझी पद्धत अशी. बेल हाउसिंगच्या मागच्या फेसवर घासून सपाट केलेली स्टीलची पट्टी आडवी ठेवायची. पट्टीवरून डेप्थ गेजने खाली फिंगरच्या टोकापर्यंत, बेअरिंग जिथे टेकतं त्या वर्तुळावर मोजायचं. टोकाच्या अगदी काठावर नाही, कारण वळवलेल्या फिंगर्समध्ये काठ आणि टेकायची जागा यात सहज एक मिमीचा फरक असतो. मग पट्टीची जाडी वजा. असं तीन फिंगर्सवर, साधारण एकतृतीयांश फेऱ्याच्या अंतराने. तिन्ही मापांत अर्ध्या मिमीपेक्षा जास्त फरक आला तर आधी कव्हर नीट बसलंय का ते बघा.

दुसऱ्या मापासाठी बेअरिंगचा हवा काढायचा निप्पल उघडा ठेवून पिस्टन हाताने आत ढकला. निप्पल बंद असेल तर आतली हवा दाबली जाते, पिस्टन आत गेल्यासारखा वाटतो आणि हात काढला की जरा बाहेर येतो.

शेवटी खात्री करायची तर बेअरिंगच्या तोंडावर तीन ठिकाणी मऊ प्लॅस्टिसिनच्या गोळ्या लावा, गिअरबॉक्स चढवून दोन-चार बोल्ट आवळा, परत उतरवा आणि चेपलेल्या गोळ्यांची जाडी मोजा. गिअरबॉक्स एकदा जास्त उचलावा लागतो, पण टाइप ९ काही फार जड नाही.

---

गिअरवेडा

कव्हर टॉर्कने आवळलेलं होतं, प्लेट नवीच. मधली पत्र्याची प्लेट मात्र लावलेली नव्हती. ती १ मिमीची आहे. म्हणजे ती लावल्यावर बेल हाउसिंग १ मिमी मागे जाणार, आणि फिंगर्सपर्यंतचं अंतर ६२.८.

---

बेलहाउसिंग

बरोबर, त्यामुळे गॅप सगळीकडे १ मिमीने वाढला. स्पेसरशिवाय ७.६, स्पेसरसकट १.६. ४ मिमी हवा तर स्पेसर ३.६ ठेवा. शिमवाला यांचा प्रश्न वेळेवर आला.

---

तेलवात

स्पेसरचं ठरलं असेल तर पेडल दाबल्यावर तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरकडे वळू या, कारण गॅप अचूक ठेवूनही क्लच न सुटायचं दुसरं कारण तिथेच असतं. तुमच्याकडे कुठला आहे? आणि पेडलचं गुणोत्तर किती?

---

गिअरवेडा

मास्टरचा बोअर (आतला व्यास) पाऊण इंच. पेडल ६ ला १. पेडलचा प्रवास १५० मिमी मिळतो. बेअरिंगच्या पिस्टनचा बाहेरचा व्यास ५६, आतला ४२ मिमी.

---

तेलवात

छान, सगळे आकडे आहेत. बेअरिंगचा पिस्टन कंकणाकृती असतो, त्यामुळे क्षेत्रफळ काढताना आतला व्यास वजा करायला विसरायचं नाही. ५६ आणि ४२ चं येतं साधारण १०७८ चौरस मिमी.

पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी, क्षेत्रफळ २८५. पेडल १५० मिमी गेलं की ६ ला १ ने मास्टरचा पिस्टन ढकलणारा पुशरॉड २५ मिमी जातो. म्हणजे ७१२५ घन मिमी तेल, सुमारे ७ मिली. त्याला १०७८ ने भागा: ६.६ मिमी. तुम्हाला ७.५ हवेत. हे कागदावरचं गणित आहे. पुशरॉडचा थोडा मोकळा प्रवास आणि होजचं फुगणं धरलं तर हातात ६ च्या आसपासच येईल. प्लेट घासत राहील. टाइप ९ चा रिव्हर्स सिंक्रोनाइज्ड नाही (गिअरचे वेग जुळवायची सोय नाही), त्यामुळे तिथे लगेच कर्रर्र आवाज येईल.

आता मोठा बोअर घेऊन बघू. १३/१६ इंचाचं क्षेत्रफळ साधारण ३३५, बेअरिंगचा प्रवास ७.७ मिमीच्या थोडा वर. ७/८ इंचाचं ३८८, प्रवास ९ मिमी. पण बोअर वाढला की पेडल जड होतं. फिंगर्स दाबायला १५०० न्यूटन लागतात असं धरलं तर तेलाचा दाब सुमारे १४ बार येतो. मग पेडलवर पाऊण इंचाला ६६ न्यूटन, १३/१६ ला ७८, ७/८ ला ९०. पेडल परत आणणारी स्प्रिंग यात धरलेली नाही. यातलं काहीच पायाला असह्य नाही, पण फरक जाणवतो.

दुसरा रस्ता पेडल ५ ला १ करण्याचा. पाऊण इंचीवरच पुशरॉड ३० मिमी जाईल आणि बेअरिंग ७.९ मिमी. जडपणा तेवढाच वाढतो, फुकट काही मिळत नाही. आणि त्या मास्टरचा स्वतःचा स्ट्रोक ३० मिमी आहे का ते आधी बघावं लागेल.

माझं मत: ७/८ घ्या आणि पेडलखाली पक्का स्टॉपर लावा. १३/१६ मध्ये हाताशी काहीच शिल्लक राहत नाही.

---

पाना_१३

बेलहाउसिंग, समजलं. केबलचीच सवय होती त्यामुळे तसं लिहिलं, आता झिजेचा मुद्दा पटला. तेलवात, एक शंका. ७/८ वर ९ मिमी म्हणजे कव्हरवाल्याच्या मर्यादेवरच की.

---

तेलवात

म्हणून तर स्टॉपर हवा. डायफ्राम मर्यादेपलीकडे नेला तर तो पलटायला बघतो, फिंगर्सच्या मुळाशी तडे जातात, आणि ते बाहेरून दिसत नाहीत. हायड्रॉलिकमध्ये ताकद भरपूर असते, पायाला कळतही नाही की आपण किती दाबतोय. स्टॉपर कुठे लावायचा ते अंदाजाने ठरवू नका. गाडी जॅकवर, इंजिन बंद, पहिला गिअर. एकाने प्रोपशाफ्ट (गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट) हाताने फिरवायचा प्रयत्न करत राहायचं, दुसऱ्याने पेडल अगदी सावकाश दाबायचं. शाफ्ट जिथे मोकळा होतो तिथे पेडलवर खूण करा. त्यापुढे पेडलपाशी वीसेक मिमी ठेवा आणि तिथे स्टॉपर. गरम झाल्यावर प्लेट थोडी वाकडीतिकडी होते, त्यासाठी तेवढी जागा लागते.

---

शिमवाला

बसवतानाच्या काही गोष्टी, ज्या कागदावर नसतात.

जुना फोर्क काढलात की त्याचा पिव्होटही काढा. राहिला तर होज त्याला घासतो. होज बेल हाउसिंगमधून बाहेर येतात तिथे रबरी ग्रोमेट हवं, आणि आत ते क्लच कव्हरपासून लांब राहतील असे बांधा. कव्हर इंजिनच्या वेगाने फिरत असतं, ब्रेडेड होजला नुसता स्पर्श झाला तरी जाळी आणि आतली नळी दोन्ही कापली जातात. पिस्टन पुढे-मागे होतो पण बॉडी हलत नाही, त्यामुळे होजला ढील लागत नाही.

बेअरिंगची बॉडी फिरू नये म्हणून पिन किंवा खाच असते. ती नीट बसलीय का बघा. ती नसेल तर बेअरिंगच्या घर्षणाने बॉडी हळूहळू फिरते आणि होज ओढला जातो.

टाइप ९ चं पुढचं कव्हर उघडणारच आहात तर इनपुट शाफ्टचा ऑइल सील नवा टाका. तो पुढे गळायला लागला तर गिअर ऑइल बेअरिंगच्या सीलवर जाईल. हे सील ग्लायकॉलच्या ब्रेक तेलासाठी बनवलेले असतात, खनिज तेलाने फुगतात. ते बसवताना ग्रीस नको, डॉट ४ ब्रेक तेलाचा हात फिरवा. फ्लेअर जोडांना टेफ्लॉन टेप लावायची नाही. तो जोड कोनावर बसतो, आट्यांवर नाही. टेपचा तुकडा आत गेला तर सीलचं वाटोळं.

बेअरिंगचं तोंड आणि फिंगर्सचा आकार जुळतोय का तेही बघून घ्या. वळवलेल्या फिंगर्सना सपाट तोंड, सपाट फिंगर्सना गोलाई असलेलं तोंड. सपाटावर सपाट बसवलं तर बेअरिंगची बाहेरची कड फिंगर्समध्ये खड्डा पाडते.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. गिअरबॉक्स इंजिनला बोल्टने जोडेपर्यंत पेडलला कोणीही पाय लावायचा नाही. समोर फिंगर्स नसतील तर पिस्टनला अडवायला काही नाही. प्रेशरने हवा काढायचं यंत्रही तोवर जोडू नका. १ बार म्हणजे किरकोळ वाटतं, पण १०७८ चौरस मिमीवर ते १०० न्यूटनपेक्षा जास्त होतं. पिस्टन बाहेर काढायला तेवढं पुरतं.

---

गिअरवेडा

हवा काढण्याबद्दल कोणी सांगेल का? निप्पल बेल हाउसिंगच्या आत आहे, त्यासाठीच तो दुसरा होज आहे असं दिसतंय.

---

बेलहाउसिंग

हो. तो होज बाहेर आणून त्याच्या टोकाला निप्पल लावा आणि बेअरिंगपेक्षा उंचावर क्लिपने बांधा. बेअरिंगला दोन जोड आहेत, त्यातला खालचा तेल आत न्यायला आणि वरचा हवा काढायला वापरायचा. उलटं जोडलं तर वरच्या भागात हवेचा बुडबुडा अडकतो आणि कितीही तेल ओतलंत तरी पेडल मऊच राहतं.

सुरुवातीला पेडल न दाबता, मास्टरची तेलाची टाकी भरून निप्पल उघडा ठेवा. तेल आपोआप उतरू द्या. वेळ लागतो, लागू द्या. थेंब सलग पडायला लागले की निप्पल बंद करून मग पेडलने. भराभरा पंप केलं तर तेलात बारीक फेस होतो आणि तो निघत नाही. त्यानेही जमलं नाही तर मोठ्या सिरिंजने निप्पलमधून खालून वर तेल ढकला, हवा टाकीतून निघून जाते.

टाकी काठोकाठ भरू नका. प्लेट झिजत जाईल तसा पिस्टन मागे सरकेल आणि तेल टाकीत परत येईल. तुमच्या ४ मिमीच्या गॅपचं सगळं मिळून ४.३ मिली होतं. छोट्या टाकीत ही वाढ दिसते. बाहेरून क्लचची झीज ओळखायची तुमच्याकडे हीच एक खूण आहे, म्हणून टाकीवर आजच्या पातळीला मार्करने रेघ मारून ठेवा. पातळी रेघेच्या खाली गेली तर कुठेतरी गळतंय. वर गेली तर प्लेट झिजतेय.

---

गिअरवेडा

अपडेट देतो. स्पेसर ३.६ मिमीला उतरवली. प्लॅस्टिसिनच्या गोळ्या ३.९, ४.० आणि ४.१ मिमी निघाल्या. मास्टर ७/८ चा बसवला. हवा गुरुत्वाकर्षणानेच बरीचशी निघाली, उरलेली सिरिंजने. प्रोपशाफ्ट पेडलच्या साधारण ११५ मिमीवर मोकळा झाला, स्टॉपर १३५ ला लावला. इंजिन चालू करून पेडल दाबून थोडं थांबून रिव्हर्स टाकला, आवाज नाही. रात्रभर उभी ठेवली, बेल हाउसिंगखाली कागद कोरडा.

---

तेलवात

११५ मिमी म्हणजे गणिताने ६.९ मिमीवर सुटला. १३५ ला ८.१ येतात, ९ च्या आत. अगदी हवं तिथे आहे. सुरुवातीच्या काही तासांच्या ड्रायव्हिंगनंतर एकदा टाकीची रेघ बघा.

---

पाचवा_गिअर

धागा वाचनखूण म्हणून साठवला. माझ्याकडे टाइप ९ ऐवजी बोर्ग-वॉर्नर टी ५ आहे. हेच सगळं लागू होईल का?

---

शिमवाला

गॅप आणि मास्टरचा हिशेब जसाच्या तसा. पण टी ५ चं पुढचं बेअरिंग रिटेनर काढणार असाल तर जपून. त्या गिअरबॉक्सला टेपर रोलर बेअरिंग आहेत आणि त्यांचा एंड प्ले (पुढे-मागे हलायची मोकळीक) रिटेनरमागच्या शिमवर (पातळ चकतीवर) ठरतो. रिलीज बेअरिंगसाठी वेगळा रिटेनर लावला आणि जुनीच शिम ठेवली तर बेअरिंग जास्त आवळले जातात किंवा ढिले राहतात, आणि बिघाड पुढे गिअरबॉक्समध्ये होतो. रिटेनर बदलला तर डायल गेज लावून एंड प्ले नव्याने मोजा, शिम त्याप्रमाणे निवडा, आणि मगच वरचं सगळं मोजायला घ्या.